वाई → महाबळेश्वर → पोलादपूर: सामान लादून एका दिवसात, आहे त्या गिअरवर जमेल का?

मध्यम_गती

डिसेंबरात, आठवड्याच्या मधल्या दिवशी करायचा बेत आहे. मुक्काम वाईत. सकाळी पसरणी घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर, मग आंबेनळी घाटाने पोलादपूर आणि जमलं तर महाडला मुक्काम.

सायकल: शिमानोचे ८ स्पीड क्लॅरिस गिअर, दाते पुढच्या चक्रांना ५०/३४, मागच्या चक्रांना ११-२८. टायर ७००×३२. वायरवाले डिस्क ब्रेक. सायकल १३ किलो, मी ७२, सामान १२. सगळं सामान मागच्या कॅरिअरवर दोन पॅनिअरमध्ये (बाजूला टांगायच्या पिशव्या).

प्रश्न तीन: हे गिअर पुरतील का? चाळीस किलोमीटरच्या उतारावर ब्रेकचं काय करायचं? वाईतून किती वाजता निघावं?

"सराव वाढवा" हे उत्तर माहीत आहे, ते सोडून बोला.

आंबेनळी

आधी रस्ता. आकडे ढोबळ आहेत, पाच-दहा टक्के इकडेतिकडे धरा.

वाई ७२० मीटरच्या आसपास, पाचगणी १२९० च्या आसपास. मधे १२-१३ किमी. गावातला सपाट भाग सोडला तर सरासरी चढ ५ टक्के. पसरणी घाट तसा समंजस आहे, जुन्या गाडीरस्त्यासारखा एकसारखा चढत जातो. त्रास फक्त वळणांच्या आतल्या बाजूला, तिथे चार-पाच मीटरपुरता चढ दुप्पट होतो. दांडेघरला घाट संपला.

पाचगणी ते महाबळेश्वर १८-१९ किमी. उंचीचा फरक जेमतेम ६० मीटर, म्हणून लोक हा टप्पा सपाट धरतात आणि इथेच फसतात. भिलार फाटा, गुरेघर, अवकाळी, वेण्णा तलाव असं वरखाली होत चढ गोळा होत राहतो. एकूण दोनशे मीटर तरी धरा.

महाबळेश्वर ते पोलादपूर ४० किमी, १३५० मीटरवरून जवळपास समुद्रसपाटीला. अर्ध्या वाटेवर वाडा कुंभरोशी, तिथून प्रतापगडाचा फाटा. पोलादपूर ते महाड हमरस्त्याने १८ किमी.

बेरीज ९० किमी. अंतर काहीच नाही. दिवस ठरतो तो पहिल्या १३ किमीवर आणि मधल्या ४० किमीवर.

दातेकर

गिअरचं गणित मी मांडतो.

एकूण वजन ९७ किलो. ५ टक्के चढ, ताशी ८ किमी वेग. चाकावर साधारण १२० वॉट लागतात, साखळीतली गळती धरून १२५. हा वेग दिवसभराच्या हिशोबात बसतो, पाचगणीला पोचल्यावर पाय शिल्लक राहतात.

३२ च्या टायरचा परीघ साधारण २.१५ मीटर. त्यावरून ताशी ८ ला पायडलचे मिनिटाला किती फेरे पडतात:

३४ पुढे, २८ मागे: ५१
३४ पुढे, ३४ मागे: ६२
३० पुढे, ३४ मागे: ७०
२६ पुढे, ३४ मागे: ८१

तुमच्याकडे पहिली ओळ आहे. ५१ म्हणजे दळण. ६० फेरे ठेवायचे म्हटले तर वेग साडेनऊ आणि ताकद १५० वॉट. ७२ किलोच्या माणसाला तेवढी ताकद तासभर जमते. पण त्यानंतर दिवस संपत नाही ना.

८ टक्क्यांच्या तुकड्यावर ताशी ६ ने गेलात तर ३४-२८ वर फेरे ३८ आणि पायडलवर सरासरी जोर २० किलो, खाली दाबतानाच्या क्षणी त्याच्या दुपटीजवळ. २६-३४ वर तोच चढ ६१ फेरे आणि १३ किलो. श्रम तेवढेच, फरक गुडघ्याला कळतो.

माझा सल्ला: मागे ११-३४ ची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) घाला. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच.

कंटाळा_आला

३४-३४ म्हणजे एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा. त्यापेक्षा उतरून ढकललेलं काय वाईट?

दातेकर

लादलेली सायकल चढावर ढकलत माणूस ताशी चारच्या पुढे जात नाही, आणि पॅनिअर पोटरीला लागतो ते वेगळं. क्लीटवाले (पायडलला अडकणारे) बूट असतील तर बघायलाच नको. तरी ढकलण्यात कमीपणा नाही, वळणाच्या आतल्या बाजूला तर नाहीच.

स्पॅनर_नं_१०

कॅसेट घाला म्हणणं सोपं आहे. त्याआधी मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) आखूड पिंजऱ्याचा आहे की लांब, ते पाहा. ११-२८ सोबत बहुतेक वेळा आखूड येतो, त्याला ३४ झेपत नाही.

दोन गोष्टी तपासायच्या. एक, मागचं सर्वांत मोठं चक्र किती दात्यांचं चालतं. दोन, एकूण साखळी किती गुंडाळतो. पुढचा फरक अधिक मागचा फरक: ५०-३४ म्हणजे १६, ३४-११ म्हणजे २३, बेरीज ३९. आत्ता तुमची बेरीज ३३ आहे. नवा डिरेलर ३९ किंवा त्याहून जास्त झेपणारा हवा.

मग साखळी. जुनी साखळी ११-२८ ला मोजून कापलेली असणार, ती आखूड पडेल. मोठ्या-मोठ्यावर (पुढेही मोठं चक्र, मागेही) चुकून गिअर पडला की डिरेलर ताणून हँगरसकट (तो फ्रेमला टांगणारा तुकडा) मोडतो, आणि तो चढावर जोर लावतानाच मोडतो. नवी साखळी अशी मोजा: डिरेलरमधून न ओवता मोठ्या चेनरिंगवरून (पुढच्या चक्रावरून) आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावरून फिरवा, टोकं जिथे भेटतात त्याच्या पुढे दोन कड्या ठेवा, तिथे तोडा.

शेवटी बी-स्क्रू, म्हणजे डिरेलर मागच्या चक्रांपासून किती दूर राहतो ते ठरवणारा. सर्वांत मोठ्या चक्रावर असताना डिरेलरचं वरचं चाक त्याच्यापासून ५-६ मिलिमीटर दूर हवं. घासत असेल तर स्क्रू आत. हे स्टँडवर बरोबर दिसतं आणि वजनाखाली बिघडतं, म्हणून सामान लादून गल्लीतल्या चढावर एकदा सगळे गिअर फिरवून बघा.

घाटवाटसरू

दातेकर, तुमचं ११-३४ मान्य, पण ५० ची चेनरिंग घाटात नेऊन करायचंय काय? सामान लादून ५०-११ फिरवणार कुठे? उतारावर कोणी पायडल मारत नाही. ४६/३० चा क्रँक (पुढच्या चक्रांचा संच) बसवला तर खालचे गिअरही मिळतात आणि रोजचा वापर मोठ्या चेनरिंगवर नीट होतो.

स्पॅनर_नं_१०

बरोबर, पण पुढचा डिरेलर ब्रेझ-ऑन (फ्रेमवरच्या ठरलेल्या जागी बसणारा) असेल तर तेवढा खाली सरकत नाही. क्लॅम्पवाला असेल तर सरकवा, दात्यांपासून १ ते ३ मिमी वर. शिवाय बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो ते बेअरिंग) जुळतं का ते पाहावं लागतं. या एका सहलीसाठी नको. कॅसेट, साखळी, लांब पिंजरा, विषय संपला.

सावकाश_जा

उताराबद्दल माझं साधं मत. घाई करू नये. पूर्ण वेळ ब्रेक हलके धरून ताशी १५-२० ने उतरावं. मागचा ब्रेक जास्त, पुढचा कमी. पुढचा दाबला की माणूस डोक्यावर पडतो.

उष्मागणित

सावकाश_जा, हेतू चांगला आहे पण तिन्ही गोष्टींना हरकत आहे.

महाबळेश्वरहून पोलादपूरपर्यंत ९७ किलो १३०० मीटर खाली येतात. म्हणजे साडेबाराशे किलोज्यूल, चार लिटर पाणी उकळीपर्यंत आणण्याइतकी उष्णता. ती एकतर वारा खातो नाहीतर ब्रेक. वाऱ्याला जेवढी द्याल तेवढं चांगलं.

५ टक्के उतारावर ब्रेक अजिबात न लावता ही सायकल साधारण ताशी ४२ ला स्थिर होते. एकाच वेगावर धरून ठेवायची तर ब्रेकवर पडणारा भार असा:

ताशी १५: १५० वॉट, दर किलोमीटरला ३६ किलोज्यूल
ताशी २५: १९० वॉट, २७ किलोज्यूल
ताशी ३५: १३० वॉट, १४ किलोज्यूल

म्हणजे क्षणाच्या तापमानाला सर्वांत वाईट वेग २५ च्या आसपास, आणि एकूण उष्णतेला सर्वांत वाईट १५. "हलके धरून ठेवणं" हे दोन्हीकडून तोट्याचं.

करायचं असं: जिथे पुढचा रस्ता दिसतो तिथे ब्रेक पूर्ण सोडा, पाठ सरळ करा म्हणजे वारा अडेल. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक जोरात आणि थोडाच वेळ. वळणात शिरताना ब्रेक सुटलेले. दोन वळणांच्या मधे रोटरला (ब्रेकच्या चकतीला) गार व्हायला वेळ मिळतो.

पुढच्या ब्रेकचं: थांबवण्याची ताकद मुख्यतः पुढच्याच चाकात असते, कारण ब्रेक लावला की वजन पुढे जातं. डोक्यावर पडतो तो हात ताठ आणि बूड सीटच्या पुढे असलेला माणूस. बूड मागे, कोपर किंचित वाकलेले, टाचा खाली. मागचा एकटा दाबत राहिलात तर तो तापतो, झिजतो आणि खडीवर चाक घसरतं.

सावकाश_जा

गणित पटलं. पण ताशी ३५ ने आंबेनळीत? समोरून एसटी वळणात रुंद घेऊन येते तेव्हा तुमचे वॉट कामाला येणार नाहीत.

उष्मागणित

तेही खरं. ३५ फक्त दिसणाऱ्या सरळ तुकड्यावर. जिथे वळणापलीकडचं दिसत नाही तिथे जेवढं दिसतं तेवढ्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग, मग तो १५ का असेना. आणि असे सलग तुकडे आले की पाच-सहा किलोमीटरने थांबून ब्रेक निववा. रोटरवर पाणी मात्र ओतू नका, तापलेला पत्रा वाकतो. आणि बोट लावून बघू नका, थुंकीचा थेंब चुरचुरला की कळतं.

कंटाळा_आला

थुंकीचा थेंब. आता हेही फोटोत येणार.

स्पॅनर_नं_१०

वायरवाल्या डिस्कबद्दल कोणी बोललं नाही, आणि घाटात गोची तिथेच होते.

बहुतेक स्वस्त कॅलिपरमध्ये (चकतीवर पॅड दाबणारा भाग) एकच पॅड हलतो, बाहेरचा. आतला स्थिर. ब्रेक लावला की बाहेरचा पॅड रोटरला वाकवून आतल्यावर दाबतो. पॅड झिजले की लिव्हर हँडलपर्यंत यायला लागतो. मग माणूस काय करतो, लिव्हरजवळचा गोल नट फिरवून वायर ताणतो. एक-दोनदा चालतं. पण तसं केल्याने कॅलिपरची दांडी आधीच अर्धी फिरलेली राहते, आणि ऐन उतारावर ती अंगाला टेकते. लिव्हर घट्ट लागतो, ब्रेक मात्र लागत नाही. घट्ट लिव्हरमुळे कळतही नाही.

बरोबर पद्धत: आधी आतल्या पॅडचा नॉब (चाकाच्या आऱ्यांच्या बाजूचा) आत फिरवा, रोटरला टेकला की एक-दोन टिचक्या मागे. मग बाहेरच्यासाठी वायर ढिली करून दांडी पूर्ण मागे जाऊ द्या, वायर हाताने ताणून पुन्हा आवळा. गोल नट शेवटच्या बारीक जुळणीसाठी राखून ठेवा. हे महाबळेश्वरच्या बाजारपेठेत, उतार सुरू होण्याआधी करायचं. पाच मिनिटांचं काम.

पॅडचा मसाला अर्धा मिमी उरला की फेकायचा. निघताना दीड मिमीच्या खाली असेल तर नवे घाला आणि घरीच बसवून मुरवा: ताशी २० वरून जवळजवळ थांबेपर्यंत, वीसेक वेळा, पूर्ण थांबायचं नाही. न मुरवलेला नवा पॅड घाटात पहिल्यांदा तापला की काचेसारखा गुळगुळीत होतो आणि किंचाळतो. साखळीला तेल देताना रोटरवर फडकं टाका. तेल लागलेला पॅड वाया गेला समजा.

कोकणी_चाक

सामानाबद्दल. १२ किलो सगळं मागे हे मला खटकतंय. उभ्या वळणावर पुढचं चाक हलकं होऊन हँडल भटकतं, आणि मागच्या चाकाचे उजवे आरे बोलायला लागतात. मागच्या चाकात कॅसेटमुळे उजव्या बाजूच्या आऱ्यांना ताण जास्त असतो, तुटतात तेच आणि बहुधा हबपाशी वाकतात तिथेच. तीन-चार किलो पुढे आणा: हँडलबॅगमध्ये किंवा फोर्कला. पाणी फ्रेमवर. पॅनिअरमध्ये जड वस्तू तळाला आणि चाकाच्या आसाच्या रेषेत.

सुटे आरे तीन न्या, मागच्या उजव्या बाजूच्या लांबीचे, सीटट्यूबला टेप मारून. मात्र कॅसेट काढायचं हत्यार नसेल तर ते आरे नुसते शोभेचे. तुटलाच तर शेजारचे दोन आरे अर्धा फेरा ढिले करून चाक थोडं सरळ होतं, डिस्क ब्रेक असल्याने पोलादपूरपर्यंत जाता येतं.

कॅरिअरचे एम-५ स्क्रू: निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावा आणि दोन सुटे ठेवा. खालचे दोन सर्वांत आधी ढिले होतात.

वाईकर_बाई

धागा छान चाललाय पण पोटाचं कोणी बोलेना.

वाईतून उपाशीपोटी निघू नका, आणि मिसळ खाऊनही निघू नका. तर्री पसरणीच्या तिसऱ्या वळणावर परत भेटते. केळी, दशमी, गूळ-शेंगदाणे. चढावर तासाला ४०-५० ग्रॅम कर्बोदकं जातील असं बघा: दोन केळी किंवा राजगिऱ्याचे तीन-चार लाडू. पाणी थंडीत तासाला अर्धा लिटर, पण खाली कोकणात दुपारी ऊन चटकतं, तिथे पाऊण. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच, अर्ध्या बाटलीत दाट करून पिऊ नका, पोट बिघडतं.

पाणी वाईत, पाचगणीत, महाबळेश्वरात भरा. महाबळेश्वर सोडल्यावर वाडा कुंभरोशीपर्यंत दुकानांचा भरवसा धरू नका.

अवांतर: पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव. घाट चढताना दम उरला तर आठवण काढा.

घाटवाटसरू

दम उरला तर कवनही म्हणू. ताई, गुरेघरला स्ट्रॉबेरी क्रीम खायचं की नाही ते सांगा.

वाईकर_बाई

खा की. पुढचा चढ थोडाच आहे. पण दोन प्लेट खाऊन लगेच थंड वाऱ्यात चाळीस किलोमीटर उतरायचं असेल तर आपापली जबाबदारी.

आंबेनळी

थंडीचं बरं काढलंत. घाट चढून भिजलेला बनियन तसाच ठेवून उतार धरला तर पहिल्या दहा मिनिटांत बोटं बधिर होतात, आणि बधिर बोटांनी ब्रेक नीट लागत नाही. महाबळेश्वरला कोरडा बनियन, वारा अडवणारं पातळ जाकीट, पूर्ण बोटांचे हातमोजे. जाकिटाच्या आत छातीवर वर्तमानपत्राचा कागद हा जुना उपाय आजही चालतो. वाड्याला हे सगळं काढायची वेळ येते, म्हणून पॅनिअरमध्ये वरती ठेवा.

रस्त्यावर लक्ष कुठे: वळणाच्या बाहेरच्या कडेला साचलेली खडी, ट्रकचं सांडलेलं डिझेल (चमकतं, विशेषतः सकाळच्या दवावर), झाडीखालचा ओला शेवाळी पट्टा. उन्हातून एकदम सावलीत शिरताना खड्डा दिसत नाही, तेव्हा गडद गॉगल काढा. डावीकडे गटाराला चिकटून जाऊ नका, लेनच्या डाव्या तिसऱ्या हिश्श्यात राहा म्हणजे मागच्याला दिसाल आणि चुकवायला जागा राहील. मागे गाड्या साचल्या तर मोकळ्या जागी थांबून त्यांना जाऊ द्या. उतारावर मागून दबाव घेऊन वेग वाढवणं सर्वांत धोक्याचं. लाल दिवा दिवसाही चालू.

पावसाळ्यात हाच बेत कोणी आखू नये. आंबेनळीत दरडी येतात, २०२१ च्या जुलैत रस्ता जागोजागी खचला होता.

नवा_सदस्य_७

उलटं केलं तर? पोलादपूरहून चढून वाईला उतरायचं?

दातेकर

४० किमीत १३०० मीटर चढ, सरासरी सव्वातीन टक्के. ऐकायला सोपं, पण चढ एकसारखा पसरलेला नाही आणि सुरुवात कोकणातल्या दमट हवेत. ताशी ८-९ ने साडेचार-पाच तास निव्वळ पायडल. गिअर ठीक असतील तर होतं. पसरणीचा उतार मात्र छोटा आणि एकसारखा, ब्रेकची चिंता कमी.

मध्यम_गती

सगळ्यांचे आभार. ठरलेलं असं: ११-३४, लांब पिंजऱ्याचा डिरेलर, नवी साखळी. पॅड नवे, मुरवून. चार किलो हँडलबॅगमध्ये. वाईतून ६:३०, पाचगणी ८:१५, नाश्ता. महाबळेश्वर १०:३०, ब्रेक जुळवून ११:१५ ला निघणार. प्रतापगड करून पोलादपूर ३, महाड ४:३०. टायरमध्ये हवा ८५ पीएसआय.

कोकणी_चाक

८५ कशाला? ३२ च्या टायरला या वजनात मागे ६०-६५, पुढे ५० बास. दगडासारखं टायर खडीवर उडतं आणि वळणात पकड सोडतं. त्याहून कमीही नको, खड्ड्यात रिम ट्यूबला चावते, दोन समांतर भोकं पडतात.

आणि हँडलबॅगमध्ये चार किलो जास्त, दोन-अडीच ठेवा. बाकीचे फोर्कला किंवा फ्रेमबॅगमध्ये.

आंबेनळी

प्रतापगड धरला तर वेळ घट्ट होतो. वाड्यापासून गडाचा रस्ता पुन्हा चढाचा, मग पायऱ्या, आणि लादलेली सायकल खाली कोणाच्या तरी भरवशावर. दोन-अडीच तास जातात. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. गड करायचा तर मुक्काम पोलादपूर, महाड सोडा. हमरस्त्यावरचे १८ किमी अंधारात करण्यासारखे नाहीत.

मध्यम_गती

मग पोलादपूर. पंक्चरसाठी दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, छोटा पंप घेतोय. काही राहिलं?

स्पॅनर_नं_१०

ट्यूब कुठल्या व्हॉल्व्हच्या? बारीक प्रेस्टा असेल तर छोटा पितळी ॲडॉप्टर घ्या, दोन घ्या, हरवतो. गावातल्या पंक्चरवाल्याकडे हवेचा कॉम्प्रेसर असतो पण तोंड मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचं. आणि त्याला हवा थोडी-थोडी मारायला सांगा, मोठ्या टाकीतून एका झटक्यात ट्यूब फुटते.

शिवाय: ८ स्पीडची क्विक लिंक (साखळी जोडायची सुटी कडी), चेन तोडायचं हत्यार, सुटा हँगर (तुमच्याच फ्रेमचा, प्रत्येकाचा वेगळा असतो), मागची ब्रेक वायर, झिपटाय. आणि छोटा चिमटा. ट्रकच्या फाटलेल्या टायरमधली बारीक पोलादी तार हमरस्त्यावर हमखास टोचते, बोटाने निघत नाही, आणि ती टायरमध्ये राहिली तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते. टायरच्या आतून कापूस फिरवा, जिथे अडकेल तिथे तार.